सांगणारा कुठे जातो?

कादंबरीवरचा चित्रपट सुटला की थिएटरच्या पायऱ्या उतरताना एक वाक्य हमखास कानावर पडते : 'पुस्तकात जास्त चांगलं होतं.' काय जास्त चांगले होते असे विचारले, तर माणसे गाळलेल्या प्रसंगांची यादी देतात. मला ती तक्रार फारशी पटत नाही. तीनशे पानांचा मजकूर दोन-सव्वादोन तासांत बसवायचा तर कात्री लागणारच. पुस्तक पडद्यावर येताना खरोखर हरवतो तो सांगणारा. पुस्तकात कोणीतरी आपल्याशी बोलत असते. कधी 'मी' म्हणून, कधी सगळे जाणणारा लेखक म्हणून, कधी नुसत्या भाषेच्या वळणातून. पडद्यावर त्याला जागा नसते. त्याच्या जागी दिग्दर्शक काय आणून बसवतो, यावर रूपांतर तरते किंवा बुडते असे माझे मत आहे. मराठी पुस्तकांवरचे काही चित्रपट पुन्हा पुन्हा पाहून ते पक्के झाले आहे.

सुरुवात हंसा वाडकरांपासून करू. मूळ नाव रतन साळगावकर. 'संत सखू', 'रामशास्त्री', 'लोकशाहीर राम जोशी', 'पुढचं पाऊल' असे चित्रपट नावावर असलेली ही अभिनेत्री. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंदला शंभराहून अधिक आठवडे चालला. पुढे हंसाबाईंनी आपले आयुष्य सांगितले ते याच नावाखाली. आधी 'माणूस' या नियतकालिकातून आणि मग १९७० साली राजहंस प्रकाशनाकडून पुस्तकरूपाने. बाई सांगत होत्या आणि लिहून घेणारा होता एक तरुण पत्रकार, अरुण साधू. म्हणजे बाईंचे बोलणे कागदावर उतरताना, कॅमेरा मध्ये येण्याच्या कितीतरी आधी, त्याचे एक रूपांतर झालेलेच होते. या पुस्तकाची ताकद त्याच्या सुरात आहे. लहान वयात झालेले लग्न, दारू, घर सोडून परक्या माणसाबरोबर जाणे, सगळे कसे, तर शेजारणीला हकिकत सांगावी तसे. रडगाणे नाही, समर्थनही नाही. हंसाबाई १९७१ साली गेल्या.

त्यानंतर सहा वर्षांनी श्याम बेनेगलांचा 'भूमिका' आला. पटकथा बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे या तिघांची. हंसाची इथे उषा झाली, पडद्यावरची उर्वशी. बेनेगलांनी निवेदन ठेवले नाही. बाईंचे आयुष्य सरळ रेषेत मांडायचेही टाळले. चित्रपट उघडतो तो स्टुडिओतल्या नाचावर. तिथून तो मागे जातो, पुढे येतो, पुन्हा मागे जातो. लहानपण कृष्णधवल रंगात दिसते. गोविंद निहलानींच्या कॅमेऱ्यामुळे प्रत्येक काळाची दृश्ये वेगळ्या पोताची वाटतात, आणि मध्येमध्ये येणारे 'चित्रपटातले चित्रपट' त्या-त्या दशकाची ढब घेऊन येतात. उषा काय काय झाली हे त्या भूमिकांमधून कळते. ती स्वतः फार थोडे बोलते.

मला 'भूमिका'तली सर्वांत धाडसी गोष्ट हीच वाटते. पुस्तकातली बाई सांगणारी आहे, पडद्यावरची बाई सांगत नाही. केशवबरोबरच्या संसारात, काळेच्या वाड्यात, हॉटेलच्या खोलीत आपण तिच्या चेहऱ्याकडे बघत राहतो आणि अंदाज बांधतो. स्मिता पाटील यांचा चेहरा नसता तर हा डाव अंगाशी आला असता. काळेच्या वाड्यातला भाग तर मी या चित्रपटाचा गाभाच मानतो. अमरीश पुरींनी उभा केलेला काळे ना ओरडतो ना हात उगारतो. अदबीने, शांतपणे तिला सांगतो की या घरातल्या बायका बाहेर जात नाहीत. इतका सभ्य तुरुंग आपल्या पडद्यावर क्वचित दिसला असेल. पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, स्मिता पाटील यांनाही मिळाला.

गमावलेले काही आहेच. हंसाबाईंची मराठी गेली. हिंदी उषाच्या तोंडी ती बेफिकिरी येत नाही. जे वाचताना ठसकेबाज वाटते ते पडद्यावर गंभीर, कधीकधी उदास होते. पुस्तक वाचताना मी अनेकदा हसलो आहे. 'भूमिका' पाहताना एकदाही नाही.

त्याच १९७७ साली स्मिता पाटील आणखी एका मराठी पुस्तकातून पडद्यावर आल्या, गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत'मधून. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा सतीश आळेकरांची. ठाकरांच्या वस्तीतला ढोल वाजवणारा नाग्या, नवऱ्याला सोडून आलेली चिंधी, लिंगोबाचा डोंगर आणि त्यावरची आग्या मोहोळे. राणीमाशीच्या डंखाने नाग्याचा एक डोळा जातो, आणि देवाच्या डोंगरावरची माशी आपल्याला डसलीच कशी, या सवालाने पेटून तो डोंगरावर सूड घ्यायला निघतो. गोनीदांची कादंबरी डोळ्यांनी वाचायची कमी आणि कानांनी ऐकायची जास्त. तिथला निवेदक जणू वस्तीतच मुरलेला. हा आवाज पडद्यावर कसा आणायचा? जब्बार पटेलांनी तो गाणाऱ्यांच्या मेळ्याकडे सोपवला. ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत इथे मध्येच येणाऱ्या करमणुकीसाठी नाहीत. गोष्ट तीच पुढे नेतात. संवाद जिथे थांबतो तिथे ढोल बोलतो.

ही युक्ती आकाशातून पडलेली नव्हती. १९७२ साली याच दिग्दर्शकाने 'घाशीराम कोतवाल' बसवले होते, आणि त्यात ब्राह्मणांची ती झुलती मानवी भिंत गात-नाचत सगळा इतिहास सांगत होती. त्यातले नाना फडणवीस म्हणजे मोहन आगाशे, तेच इथे नाग्या. रंगमंचावर सापडलेला सांगणारा चित्रपटाने उचलून डोंगरात नेला. (जब्बार पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवत आणि आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. या मंडळींच्या दिवसाला नेमके किती तास होते कोण जाणे.)

आता पुन्हा अरुण साधू. 'मुंबई दिनांक' ही त्यांची पहिली गाजलेली कादंबरी. मुंबईचा अख्खा पसारा एका जाळ्यात पकडणारी. राजकारणी, कामगार पुढारी, तस्कर, पत्रकार, बेकार तरुण असे सगळे त्यात आहेत. त्यानंतर आली 'सिंहासन', मुख्यमंत्र्याच्या खुर्चीभोवती फिरणारी. दोन्हींची मिळून एक पटकथा विजय तेंडुलकरांनी लिहिली आणि १९७९ साली जब्बार पटेलांचा 'सिंहासन' हा चित्रपट झाला. दोन कादंबऱ्या, चाळीसेक लहानमोठी पात्रे आणि कोणाचीही 'मुख्य गोष्ट' नाही. कागदावर हे सगळे लेखकाच्या निवेदनात एकत्र राहते. पडद्यावर ते कोण धरून ठेवणार?

तेंडुलकरांचे उत्तर होते दिगू टिपणीस. पत्रकार. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे (अरुण सरनाईक) आणि त्यांना खाली खेचू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (डॉ. श्रीराम लागू) यांच्या दालनांत सहज वावरणारा, कामगार पुढारी डिकास्टाकडेही जाणारा, सगळ्यांचे ऐकून घेणारा आणि बरेचसे पोटातच ठेवणारा. पुस्तकातही दिगू आहे, पण चित्रपटात तो आपले डोळे होतो. तेंडुलकर स्वतः वृत्तपत्रांत काम केलेले, साधू तर पत्रकारच. बातमीदाराला सगळे कळते आणि त्यातले थोडेच छापता येते, हे दुखणे दोघांच्याही अंगचे होते.

दिगूच्या भूमिकेसाठी निळू फुले निवडले, हा त्या चित्रपटाचा सर्वांत हुशार निर्णय. चारच वर्षांपूर्वी 'सामना'त त्यांनी साखरसम्राट हिंदुराव उभा केला होता. त्या आधी आणि नंतरही प्रेक्षकांच्या मनात त्यांची प्रतिमा वाड्यावरच्या सरपंचाची. अशा माणसाला गप्प बसवून कोपऱ्यात ठेवले. ज्याच्या हाती सत्ता शोभली असती तोच इथे सत्तेचा साक्षीदार. शेवटी राजकारणी आपापल्या सोयीने तडजोड करून मोकळे होतात आणि दिगूला वेड लागते. सांगणाऱ्यालाच वेड लागते! हा शेवट मला तेंडुलकरांच्या सगळ्या चित्रपटलेखनातला सर्वांत कडवट वाटतो. सुरेश भटांच्या गाण्याने त्याला धार आली, पण ते गाणे नसते तरी फुल्यांचे हसणे पुरले असते.

'उंबरठा'बद्दल (१९८२) थोडक्यात सांगतो. पुन्हा पटेल-तेंडुलकर, पुन्हा स्मिता पाटील. शांता निसळ यांच्या 'बेघर'वर आधारलेला. महिला सुधारगृहाची अधीक्षक झालेली सुलभा आणि तिच्यामागे राहिलेले घर. चित्रपट सगळ्यांना माहीत आहे, कादंबरी फार थोड्यांना. रूपांतर यशस्वी झाले की मूळ पुस्तकावर सावली पडते. 'बेघर'च्या वाट्याला तीच आली.

हे सगळे सत्तरच्या दशकात सुरू झाले असे कोणी समजू नये. नारायण हरी आपटे यांच्या लेखनावर बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट केला. १९३७ साली प्रभातने त्यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर 'कुंकू' काढला. आपट्यांच्या काळातला कादंबरीकार वाचकाला समजावून सांगायला मागेपुढे पाहत नसे. 'कुंकू' दिग्दर्शित करताना शांतारामबापूंनी उलट पार्श्वसंगीतच काढून टाकले. घरातले, रस्त्यावरचे, ग्रामोफोनचे जे आवाज असतील तेवढेच ऐकू द्यायचे ठरवले. काकासाहेबांचे जुने घड्याळ टिकटिकत ठेवले. नीरा या म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देते, आणि त्या घरातली शांतता आणि ती टिकटिक सगळा निवाडा करतात. पुढे ध्वनितंत्र कितीतरी पटींनी सुधारले; इतका धीर धरणारे दिग्दर्शक मात्र वाढलेले दिसत नाहीत.

सगळ्यांनाच हे जमले असेही नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त खरा सांगणारा म्हणजे कोकण. तिथली दमट हवा, समुद्र, देवचार, भीती. बेनेगलांनी तो हिंदी आणि तेलुगूत करताना गोष्ट आंध्रात नेली. चित्रपट विचारी आहे, पण त्यातून खानोलकर वजा झाले. 'बनगरवाडी'त उलटे घडले. १९९५ च्या अमोल पालेकरांच्या चित्रपटाची पटकथा कादंबरीकार माडगूळकरांचीच. माणदेश जिथल्या तिथे, धनगर जिथल्या तिथे, चंद्रकांत मांढरे यांचा कारभारी तर अविस्मरणीय. तरीही कादंबरीतल्या तरुण मास्तराचे ते कमी शब्दांतले, मधेच थांबणारे बोलणे पडद्यावर पूर्ण उतरत नाही. तिथे प्रसंग दिसतात, दोन प्रसंगांमधले मौन दिसत नाही.

'श्यामची आई'चा मामला निराळा. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली पाच दिवसांत लिहिलेल्या या पुस्तकाची रचनाच सांगण्याची : बेचाळीस रात्री, मोठा झालेला श्याम आणि ऐकणारी मंडळी. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली वनमाला आणि माधव वझे यांना घेऊन जो चित्रपट केला, त्यात आई आणि मुलगा थेट आपल्यासमोर आले. गुरुजींच्या आठवणींतला ओलावा अत्र्यांनी ठेवला, पण मध्ये मध्ये अत्र्यांचा मिस्कील हातही दिसतो. देशाच्या पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. साने गुरुजी ते पाहायला नव्हते. ते १९५० मध्येच गेले होते. सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये हीच गोष्ट पुन्हा केली, तीही कृष्णधवल, आणि ओम भूतकर यांच्या रूपाने खुद्द साने गुरुजींनाच पडद्यावर आणले. अत्र्यांनी मागे ठेवलेला सांगणारा परत आला. आईची गोष्ट त्यामुळे देशाच्या गोष्टीला जोडली गेली, हे खरे. पण आईपेक्षा मुलाचे मोठेपण अधिक दिसू लागले, हेही खरे. मी अजून अत्र्यांच्याच बाजूचा आहे.

डहाक्यांचाच 'शाळा' (२०११) मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरचा. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद, त्याला आवडणारी शिरोडकर. मुले अस्सल, वातावरण अस्सल. पण कादंबरीची सगळी गंमत मुकुंदच्या डोक्यात चालणाऱ्या बडबडीत आहे. ती बाहेर काढली की उरते ते हळवे पहिले प्रेम. ते चित्रपटाने सुंदर दाखवले. कादंबरी त्याहून खट्याळ आहे.

या सगळ्यातून हिशेब मांडायचा तर एक गोष्ट विसरता येत नाही. स्मिता पाटील यांना अभिनयाचे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, 'भूमिका'साठी आणि 'चक्र'साठी. दोन्ही चित्रपट हिंदी, आणि दोन्हींच्या मुळाशी मराठी पुस्तक : एकीकडे हंसा वाडकर, दुसरीकडे जयवंत दळवी. आपल्या कपाटातल्या पुस्तकांनी हिंदी समांतर सिनेमाला केवढे पुरवले, याची नोंद आपण नीट ठेवलेली नाही.

म्हणून प्रकाशकांना एक विनंती. कादंबरीची नवी आवृत्ती काढताना तिच्यावरच्या चित्रपटाची पटकथा, ती मिळत असेल तर, सोबत छापा. चित्रपटातला फोटो मुखपृष्ठावर टाकून भागत नाही. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' यांच्याशेजारी तेंडुलकरांची पाने ठेवून वाचता आली, तर कोणते पात्र कुठे गेले, कोणाचे दोन संवाद एकाच्या तोंडी गेले, दिगू कसा मोठा झाला, हे कळेल. आणि वाचकांनीही एवढे करावे : 'उंबरठा' पुन्हा पाहण्याआधी ग्रंथालयात जाऊन 'बेघर' मागावी. मागणी आल्याशिवाय कोणी ती पुन्हा छापणार नाही.