थकव्याची तक्रार

ताप चढला की घरात धावपळ होते, हाड मोडले की शेजारीपाजारी विचारपूस करून जातात. परंतु सकाळी उठतानाच अंग गळून गेलेले असते आणि जिना चढताना धाप लागते, अशी तक्रार एखाद्या गृहिणीने केली, तर ‘कामाने दमणूक व्हायचीच’ एवढ्या शेऱ्यावर ती दप्तरदाखल होते. वस्तुतः २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. सर्वांना वाढून झाल्यावर कढईच्या तळाशी उरलेल्या पालेभाजीशी भाकरी संपवायची आणि आंचवल्याबरोबर चहाचे आधण ठेवायचे, या शिरस्त्यात पोटात गेलेले थोडेसे लोहही अंगी लागत नाही. कारण चहातील टॅनिन त्याच्या शोषणास प्रतिबंध करते, लिंबाची फोड मात्र साहाय्य करते.

म्हणून समग्र उपचाराचा आरंभ, माझ्या मते, योगवर्गाने नव्हे तर रक्ततपासणीने व्हावा. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली उतरले आहे काय, थायरॉइड मंदावली आहे काय, निव्वळ शाकाहारामुळे ब-१२ घटले आहे काय, घोरण्यापायी रात्रीची झोप मोडते काय, किंवा मनच विषण्ण झाले आहे काय, याचा तपास लागण्यापूर्वी शक्तिवर्धक बाटल्यांवर पैसा खर्चणे हा शुद्ध अपव्यय होय. (टवटवी असते ती त्यांच्या जाहिरातीत!) लोहाच्या गोळ्यांनी शौचास काळी होते, म्हणून घाबरून कित्येकजणी त्या सोडून देतात, वास्तविक त्यात अपाय नाही, आणि हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातील साठा भरण्यासाठी त्या सुमारे तीन महिने घ्याव्या लागतात.

सामान्य थकव्यात नियमित चालणे आणि ठरल्या वेळी झोपणे हितावह ठरते. परंतु थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी रोगी अंथरुणास खिळतो, असाही एक दीर्घकालीन विकार आहे. त्यात व्यायाम नेमाने वाढवत नेण्याची जुनी शिफारस ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ साली मागे घेतली. अशा रोग्याने शक्तीचा जमाखर्च मांडावा, बऱ्या दिवशीही शिल्लक राखूनच थांबावे आणि विश्रांती दमण्यापूर्वी घ्यावी. घरच्यांनी त्यास आळस म्हणू नये.

आपल्या घरात कोणी आठवडेच्या आठवडे थकल्याचे सांगत असेल, तर उपदेश आवरून तपासणीची तारीख ठरवा, आणि त्या दिवशी सोबत जा.