सायकल एक, वाटा दोन

मैत्रिणींनो, मुलाला किंवा मुलीला घेऊन सायकलीच्या दुकानात गेलात की दुकानदार आधी काय पुढे करतो? जाड टायरांची, भडक रंगाची, डोंगरावर चढायला निघाल्यासारखी दिसणारी सायकल. मग गिअर पाहून होतात, घंटी वाजवून होते, बाटली अडकवायची जागाही पाहून होते. पण जमिनीला जे टेकतं त्या टायरकडे वाकून बघणारी बाई विरळाच! भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून पाहतो, नारळ कानाशी हलवतो. टायरनंच काय घोडं मारलंय?

आमच्या माकुणसारचंच घ्या. इथं सायकलीला एक रस्ता मिळत नाही, चार मिळतात. सफाळ्याकडे किंवा केळव्याकडे जायचं तर डांबरी सडक. घरापासून सडकेपर्यंत वाडीतली मातीची गल्ली, तिच्यात केळीचे सोपट आणि नारळाच्या झावळ्या पडलेल्या. खाजणाकडे वळलात तर बांधावरची चिकण माती. आणि रविवारी पोरं केळव्याच्या समुद्रावर जातात, तिथं सुरूच्या बनातली भुसभुशीत वाळू. एकाच दिवसात एकच सायकल या सगळ्यांतून जाते. म्हणूनच ‘डांबरावरही चालतो, मातीतही चालतो’ असं सांगून विकला जाणारा टायर आपल्यासाठीच केलाय असं वाटतं. तो खरंच दोन्हीकडे चालतो का?

आधी तो ओळखायचा कसा ते पाहू. निव्वळ डोंगरी टायरवर रबराची उंच, सुटी सुटी बटणं असतात, चकलीच्या सोऱ्यातल्या चांदणीसारखी टोकदार. निव्वळ रस्त्याचा टायर जवळजवळ गुळगुळीत, बारीक रेघांचा. या दोहोंमधला जो, त्याच्या मधोमध रबराची अखंड किंवा जवळजवळ लागलेली पट्टी असते आणि दोन्ही कडांना बटणं. सायकल सरळ चालली की फक्त मधली पट्टी रस्त्याला लागते. माती मऊ असली, चाक जरा रुतलं, की कडेची बटणं जमीन धरतात. दुकानात टायरवर बोट फिरवून पाहा. मधे बोट न अडखळता गेलं तर तो दुहेरी कामाचा. अडखळत गेलं तर तो डोंगरी, दुकानदार काहीही म्हणो.

ही डोंगरी सायकल आली कुठून? १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही हौशी तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन टेकडीवरून कच्च्या वाटेनं भन्नाट खाली उतरायचे. त्यातून हा प्रकार जन्मला आणि पुढे जगभर पसरला. त्या तरुणांना टेकडी उतरायची होती. आपल्या मुलींना प्रार्थनेच्या घंटेआधी शाळेत पोचायचं असतं. गरज इतकी वेगळी, तर टायर तोच कसा चालेल?

डांबरावर बटणाच्या टायरचा ‘घुर्रर्र’ असा आवाज येतो. पोरांना तो आवडतो, मोटारसायकल चालवल्यासारखं वाटतं. पण तो आवाज म्हणजे पायांची मेहनत वाया जाण्याचा आवाज आहे. चाक फिरताना प्रत्येक बटण रस्त्यावर टेकतं, दबतं, वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. दरवेळी थोडी शक्ती त्यात जिरते. कणीक मळताना हात दुखतात ना, तसंच. दुहेरी टायरची मधली पट्टी अखंड असल्यामुळे हे दबणं-वाकणं पुष्कळ कमी होतं. गुळगुळीत टायरइतका तो पळत नाही, पण बटणाच्या टायरपेक्षा नक्कीच हलका जातो.

याचा पडताळा घरच्या घरी घेता येतो. शाळेतल्या मुलांना घेऊन मी तो घेतला आहे. एका लहानशा उताराच्या माथ्यावर सायकल उभी करायची, पेडल न मारता सोडून द्यायची आणि सपाटीवर जिथं ती आपोआप थांबेल तिथं खडूनं खूण करायची. बसणारा तोच, उतार तोच, हवा तितकीच, फक्त टायर बदललेले. बटणाच्या टायरची सायकल चिंचेच्या अलीकडे थांबली, दुहेरी टायरची चिंच मागे टाकून गेली. गंमत म्हणजे तिसऱ्या खेपेला दुहेरी टायरमधली हवा मुद्दाम कमी केली, तर तीही चिंचेच्या अलीकडेच थांबली. हवेचं हे प्रकरण लक्षात ठेवा, त्याकडे येतेच.

आता पावसाचा प्रश्न, कारण आयांना धास्ती असते ती त्याचीच. ‘टायरवर नक्षी असली म्हणजे ओल्या रस्त्यावर घसरत नाही’ असं सगळेच सांगतात. मोटारीच्या बाबतीत ते खरं आहे. मोटारीचं चाक रुंद, चपटं आणि वेगात, त्यामुळे रस्ता आणि टायर यांच्यात पाण्याचा थर अडकतो आणि त्याला वाट काढून द्यायला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद, गोलसर आणि हवेनं कडक. पाणी तो आपोआप बाजूला सारतो. सायकलच्या वेगाला तसा थर धरतच नाही. उलट ओल्या डांबरावर जितकं जास्त रबर टेकेल तितकं बरं, आणि बटणांच्या टायरचं टेकतं फक्त बटणांच्या टोकांचं. वळणावर सायकल कलली की दुहेरी टायरही मधली पट्टी सोडून कडेच्या बटणांवर येतो, ती किंचित वाकतात आणि चाक हललंसं वाटतं. म्हणून पावसात वळणाआधी वेग कमी करायचा, वळताना ब्रेक दाबायचा नाही, रेल्वे फाटकातले रूळ तिरपे न ओलांडता काटकोनात ओलांडायचे. आणि वाडीतल्या सिमेंटच्या वाटेवर श्रावणात जे हिरवं शेवाळ धरतं ना, त्यावर जगातला कुठलाच टायर उपयोगाचा नाही. तिथं उतरून चालायचं. किंवा झाडू आणि चुना घेऊन वाट घासायची, तेवढं आपल्या हातात आहे.

मातीवर हा टायर कसा? कोरड्या गल्लीत झकास. खडीवर, मुरुमावर, तांदूळवाडी किल्ल्याच्या पायथ्याकडच्या वाटांवरही चांगला. टायर रुंद असल्यामुळे खड्ड्यांचा धक्का मनगटाला कमी लागतो, कडेची बटणं वळताना साथ देतात. पण चिखल आला की त्याचं सोंग उघडं पडतं! बांधावरची चिकण माती त्याच्या जवळजवळच्या खाचांत गच्च बसते, दहा-वीस पावलांत नक्षी बुजून जाते आणि चाकावर नुसता मातीचा रोट थापलेला राहतो. वर मडगार्ड आणि टायर यांच्यात बोटभर जागा नसेल तर चाक फिरणंच बंद. खऱ्या डोंगरी टायरची बटणं लांब लांब असतात ती याचसाठी, फिरताना चिखल झडून जावा म्हणून. पण पावसाळ्यात बांधावरून सायकल न्यायचं काम आपल्याला किती वेळा पडतं? वाळूचीही तीच गत. ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू असेल तर कुठलीही सायकल धावते. सुरूखालच्या कोरड्या वाळूत दोन इंची टायरही रुततो, मग नक्षी कसलीही असो. तिथं कामाला येते ती रुंदी, चार-चार इंचाची, आणि ती सायकल आपल्या कामाची नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. नववीतली, अंगानं किरकोळ. भावाची जुनी डोंगरी सायकल तिच्या वाट्याला आली होती. रोज घामाघूम होऊन यायची, पहिला तास बाकावर डोकं ठेवून काढायची. घरी आजी म्हणू लागली, ‘पोरीला झेपत नाही, नको ती शाळा इतक्या लांब.’ मला त्या वाक्यानं धसका बसला. सायकल झेपत नाही इथून शाळा झेपत नाही इथवर यायला घरात वेळ लागत नाही, आणि ते मुलींच्याच बाबतीत होतं. सायकल पाहिली तर टायरवर ही बटणं, हवा निम्मीशिम्मी, मागचा ब्रेक रिमला घासत असलेला. ब्रेक सारखा केला, हवा भरली, तेवढ्यानंच निम्मं ओझं उतरलं. पुढच्या महिन्यात वडिलांनी दुहेरी टायर घालून दिले. मुलगी दहावीपर्यंत त्याच सायकलीवर आली. ती सायकल जड आहे असं तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिनं सांगितलंही नव्हतं. म्हणून म्हणते, मुलगी दमते म्हणून डॉक्टरकडे न्याच, पण जाताना सायकलचं चाकही उचलून हातानं फिरवून पाहा.

आता हवा. टायरच्या कडेला बारीक उठावाची अक्षरं असतात. तिथं हवेचा दाब पौंडांत लिहिलेला असतो, बऱ्याच जाड टायरांवर ४० ते ६५ च्या आसपास. डांबरावर जास्त जायचं तर या आकड्यांच्या मधे किंवा थोडं वर, कच्च्या वाटेवर जायचं तर खालच्या बाजूला. अंगठ्यानं दाबून ‘कडक आहे’ म्हणणं फसवं असतं, जाड रबर कमी हवेतही कडक लागतं. काटा असलेला हातपंप घरात एक असू द्यावा. मोटारीसारखा जाड वॉल्व्ह असेल तर पोरं पेट्रोल पंपावर हवा भरतात. तिथं जपायचं, सायकलच्या ट्यूबला हवा लागते ती ओंजळभर, यंत्र ती क्षणात भरतं आणि ट्यूब फाटते. हवा फार कमी ठेवली तर दुसरा धोका. खड्ड्यात चाक आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चेमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. पंक्चर काढताना अशी जोडभोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, दोष हवेचा आहे.

टायर बदलायची वेळ आली की मापात फसगत होते. आमच्या शेजारच्या वहिनींनी जुन्या लेडीज सायकलसाठी शहरातून ‘२६ चा’ टायर आणवला, तो काही केल्या रिमवर बसेना. दुकानदार परतही घेईना. कारण २६ इंच नावाचे टायर एकाच मापाचे नसतात! डोंगरी सायकलचा २६ × १.९५, म्हणजे दशांशात लिहिलेला, आणि जुन्या सायकलचा २६ × १-३/८, म्हणजे अपूर्णांकात लिहिलेला, यांचे रिम वेगवेगळे. खात्रीचं माप म्हणजे टायरवरचा तीन आकडी अंक, तो रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दशांशवाल्या २६ वर ५५९ असतो, १-३/८ वाल्यावर ५९०. घरातल्या सायकलवरचा हा अंक किराण्याच्या वहीत लिहून ठेवा आणि तोच दुकानात सांगा. तो जुळला की रुंदी थोडी कमीजास्त चालते. १.९५ च्या जागी १.७५ चा टायर घातलात तर बहुधा बसतो, आणि मडगार्डलाही जरा मोकळी जागा मिळते.

दोन्ही टायर एकदम घ्यायची ऐपत नसेल तर? मागचा टायर आधी झिजतो, कारण वजन आणि ओढ दोन्ही त्याच्यावर. पण नवा टायर मागे घालू नका. पुढचा चांगला असलेला टायर मागे घ्या आणि नवा पुढे बसवा. मागचं चाक घसरलं तर मुलगा सावरतो, पुढचं घसरलं तर तोंडावर पडतो. सगळी वाट डांबरीच असेल तर दुहेरी टायरही नको, सरळ गुळगुळीत घ्या. निम्मी वाट माती असेल तरच दुहेरीचे पैसे वसूल होतात. नुसता रुबाब म्हणून बटणाचा टायर मागणाऱ्या चिरंजीवांना उताराचा प्रयोग करून दाखवा.

समुद्रावरून आलेली सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवायची, खारं पाणी चेन आणि रिम खाऊन टाकतं. चेनला तेल घालताना थेंब टायरवर किंवा रिमवर पडला तर लगेच पुसायचा, तेलानं रबर खराब होतं आणि रिमवर ब्रेक लागत नाही. मे महिन्यात सायकल उन्हात उभी ठेवू नये. सुट्टीत ती वापरात नसेल तर पंधरा दिवसांनी हवा भरत राहावी, नाहीतर बसक्या टायरला कडेनं चिरा पडतात. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी त्या चिरा नखानं उघडून पाहाव्यात. आतले धागे दिसत असतील तर नक्षी कितीही शाबूत असली तरी तो टायर काढून टाकावा.