यंत्राचं शुद्धलेखन

आपल्या जिल्ह्याचं नाव कुणी 'बुलडाणा' लिहितं, कुणी 'बुलढाणा'. इंग्रजीतही तीच तऱ्हा. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत या नावात 'एच' नाही. जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात मात्र तो आहे. माणसाचं यात काही अडत नाही. एसटीच्या पाटीवर 'ड' असो की 'ढ', प्रवासी बरोबर आपल्या गाडीत चढतो. पण पत्त्यातला 'एच' गाळला, तर संगणकाच्या लेखी तो दुसराच पत्ता होतो. 'जवळपास तेच' ही गोष्ट त्याला कळत नाही.

मी संगणकांची जाळी जोडून देण्याचं काम करतो. चिखली, मेहकर, खामगाव, जिथून बोलावणं येईल तिथे जातो. या कामात आमचा आधार म्हणजे सॉफ्टवेअरसोबत येणारी माहितीपुस्तिका. कोणत्या फाइलीत कोणता शब्द लिहायचा, कोणता आकडा कुठे भरायचा, हे तिच्यात सांगितलेलं असतं. पुस्तिका लिहितात माणसंच; तेव्हा तिच्यात चुका राहतात. त्या दुरुस्त कराव्यात का? 'अर्थातच', असं आपण म्हणाल. पण गोष्ट तितकी सोपी नाही.

पुस्तिकेत मजकूर दोन प्रकारचा असतो. एक माणसानं वाचून समजून घ्यायचा आणि दुसरा यंत्राला जसाच्या तसा द्यायचा. पहिल्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, तर वाचक क्षणभर अडखळतो आणि पुढे जातो. दुसऱ्यात अक्षर चुकलं, तर जोडणीच होत नाही. त्यातून पुष्कळदा यंत्र तक्रारही करत नाही. लिनक्समध्ये 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' नावाची एक छोटी फाइल असते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता कुणाला विचारायचा, हे तिच्यात लिहिलेलं असतं. तिच्यातला 'नेमसर्व्हर' हा शब्द चुकला, तर ती ओळ गुपचूप वगळली जाते. गावातल्या सेवा केंद्रात पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी असं झालं, म्हणजे काय होतं याची कल्पना करा. बाहेर शेतकऱ्यांची रांग, आत केंद्रचालक घामाघूम, आणि चूक एका अक्षराची.

आता याच फाइलीचं नाव पाहा. शब्दकोशाप्रमाणे इंग्रजी 'रिझॉल्व्ह'च्या शेवटी 'ई' हवा. फाइलीच्या नावात तो नाही. एखाद्या सज्जन मुद्रितशोधकानं पुस्तिकेत तो घातला, तर पुस्तिका शुद्ध होईल. पण ती वाचून काम करणारा जी फाइल तयार करील, ती कोणताही प्रोग्रॅम उघडून पाहणार नाही!

याहून प्रसिद्ध उदाहरण 'रेफरर' या शब्दाचं. आपण एका पानावरचा दुवा दाबून दुसऱ्या पानावर गेलो, की आपण कुठून आलो हे ब्राउझर या शब्दाखाली नव्या ठिकाणी कळवतो. इंग्रजीत या शब्दाच्या मध्ये 'आर' दोनदा हवा. फिलिप हॅलम-बेकर यांनी ही सोय सुचवली तेव्हा एक 'आर' राहून गेला. मे १९९६ च्या नियमपत्रात तो तसाच छापला गेला आणि जगभरच्या प्रोग्रॅमांत तसाच रुजला. जून २०२२ च्या नियमपत्रातही हे रूप चुकीचं आहे अशी कबुली देऊन तेच कायम ठेवलं आहे. पुढे याच्याशी संबंधित धोरणासाठी नवा शब्द आला, तो मात्र दोन 'आर' घेऊन. त्यामुळे आज दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

इंटरनेटच्या या नियमपत्रांना 'आरएफसी' म्हणतात. पहिलं ७ एप्रिल १९६९ रोजी निघालं. एकदा प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रातलं अक्षरही पुन्हा बदलत नाहीत. चूक कुणीही कळवावी. जाणकार ती तपासतात आणि वेगळी नोंदवतात. आपल्या मराठी पुस्तकांच्या शेवटी असतं ना शुद्धिपत्र, तसंच हे! त्यातही चूक भाषेची की तंत्राची, याची नोंद निरनिराळी होते.

म्हणून माझं सांगणं एवढंच. माणसासाठीच्या मजकुरातली चूक दिसली, तर ती बेलाशक सुधारा. यंत्रासाठीची ओळ असेल, तर आधी ती यंत्रावर चालवून पाहा आणि मगच लेखणी उचला. खरोखर चूक निघाली, तर आपल्या प्रतीवर काट मारून थांबू नका, मूळ कर्त्यांना कळवा. मुक्त सॉफ्टवेअरचे पुष्कळ गट अशा दुरुस्त्या कुणाकडूनही स्वीकारतात. त्यासाठी मोठा प्रोग्रॅमर असावं लागत नाही. आपल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी इथून सुरुवात करायला हरकत नाही. आपण कळवलेल्या एका अक्षरामुळे उद्या कुठल्यातरी गावातल्या केंद्रचालकाचा दिवस वाचेल आणि त्याच्या दारातली रांगही वेळेत पुढे सरकेल.