पिकअपचे बॉल जॉइंट घरी बदलताना : अवजारांची निवड

कीटकशास्त्रज्ञाने वाहनदुरुस्तीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु कीड सर्वेक्षणासाठी गावोगाव फिरणारा विस्तार कार्यकर्ता असो वा भाजीपाला बाजारात नेणारा शेतकरी, दोघांचीही भिस्त पिकअपवर असते. शिवाररस्त्यांवरील खड्डे आणि धूळ यांनी पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट लवकर झिजतात. असा सांधा धावत्या गाडीत निखळला, तर चाक आडवे पडते आणि गाडी ताब्यात राहत नाही.

कीड ओळखल्याशिवाय फवारणी करू नये, हा आमच्या शास्त्रातील पहिला धडा येथेही लागू पडतो. वर उचललेले चाक वरून-खालून धरून हलवले असता डुगडुगत असेल, तर दोष चाकाच्या बेअरिंगचाही असू शकतो. अशा वेळी सहकाऱ्यास ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. डुगडुग थांबली तर दोष बहुधा बेअरिंगचा. न थांबल्यास चाकाखाली पहार घालून ते अलगद उचलावे आणि सांध्यातील हालचाल पाहावी.

त्यानंतर सांधा कसा बसवला आहे हे पाहावे, कारण अवजार त्यावरच ठरते. तो बोल्टांनी जोडलेला असल्यास नेहमीचे पाने व सॉकेट पुरतात. आर्ममध्ये दाबून बसवलेला असल्यास ‘सी’ आकाराचा स्क्रू-प्रेस आणि योग्य मापाच्या वाट्या लागतात. घणाने ठोकून सांधा आत बसवण्याचा मोह टाळावा. तो तिरका बसतो व आर्मचे भोक बिघडते. वर्षानुवर्षे पडून राहणारा प्रेस विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणावा, किंवा आर्मच सोडवून वर्कशॉपमध्ये न्यावा. (पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या अवजड ट्रकमध्ये चाक किंगपिनवर फिरते, बॉल जॉइंट तेथे स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांना असतात. त्या ट्रकचे काम वेगळे.)

सांध्याची निमुळती दांडी भोकात घट्ट रुतलेली असते. ती सोडवण्यासाठी बाजारात दोन प्रकारची अवजारे मिळतात : हातोडीने ठोकायची दुफाटी पाचर आणि स्क्रूने दाबणारा पुलर. पाचर स्वस्त असते व काम झटपट करते, पण रबरी बूट फाडते. माझ्या जुन्या गाडीचा खालचा सांधा बदलताना मी वरचा, चांगल्या स्थितीतला सांधाही पाचरीनेच सोडवला. बूट किंचित फाटला होता, तरी तसाच बसवला. त्यातून धूळ आत शिरली आणि काही महिन्यांतच तोही सांधा खुळखुळू लागला. पाचरीत वाचवलेले पैसे नव्या सांध्यात गेले, एक रविवारही गेला. फेकून द्यायच्या सांध्यासाठी पाचर चालेल. परत बसवायच्या सांध्यासाठी पुलरच घ्यावा.

खर्चात कपात करू नये अशा वस्तू म्हणजे भक्कम जॅक, चेसिसखाली ठेवायचे दोन स्टँड आणि मागच्या चाकांना लावायच्या उटी. खालच्या आर्मवर स्प्रिंग असेल तर ती प्रचंड दाबाखाली असते. म्हणून त्या आर्मखाली जॅक लावल्याखेरीज सांध्याचा नट सैल करू नये आणि सांधा पुन्हा जोडेपर्यंत तो जॅक हलवू नये. दांडी सुटेपर्यंत नट दोन-तीन आट्यांवर अडकलेला ठेवावा. दांडी एकदम सुटली तरी आर्म उसळून अंगावर येत नाही.

बसवताना टॉर्क पाना हवा. आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. खाचेचा नट कॉटर पिनच्या भोकाशी जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत आवळावा, मागे सैल करू नये. पिन नवीनच घालावी. निपल असल्यास ग्रीस भरावे, पण बूट फुगेल इतके नव्हे. शेवटी गाडी सावकाश चालवत व्हील अलाइनमेंटसाठी न्यावी. हे काम मात्र घरी होत नाही.