स्वस्तातला मॉनिटर कसा निवडावा? प्रमाणशास्त्राच्या मदतीने थोडा विचार

(राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने मॉनिटरवर कशाला बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. कारण साधं आहे. वस्तू घेताना आपण जो प्रश्न विचारतो, तोच आमच्या शास्त्राचा जुना प्रश्न आहे: हे खरं आहे हे मला कशावरून कळलं? न्यायदर्शनाने याची चार साधनं सांगितली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मॉनिटरच्या दुकानात आपण बहुतेक वेळा शेवटच्या एकावरच विसंबतो. खोक्यावर लिहिलेल्या शब्दावर, नाही तर विक्रेत्याच्या. बाकीची तीन घरीच राहतात. आज चारही वापरून बघू.

उदाहरण आपल्या भागातलंच घेऊ. समजा, एक मुलगी सेवा केंद्र चालवते. दिवसभर अर्ज भरणं, सातबारा काढणं, दाखले. संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ त्याच कॉम्प्युटरवर तास-दीड तास गेम खेळतो. जुना पडदा गेला. हातात दहा हजार रुपये आहेत, आणि ते पुन्हा लवकर जमणार नाहीत. तिने काय घ्यावं?

आधी काम, मग आकडा

पहिला प्रश्न, पडद्यावर काय दिसणार आहे? या मुलीच्या पडद्यावर आठ तास मराठी मजकूर दिसणार आहे. हे लक्षात ठेवा, कारण मॉनिटरबद्दलचा बहुतेक सल्ला इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी लिहिलेला असतो.

देवनागरी अक्षर तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. 'मूर्तींना' हा शब्द घ्या. त्यातल्या 'र्तीं'वर वेलांटी, रफार आणि टिंब हे तिघेही एकाच खोलीत दाटीवाटीने राहतात. आता नेहमीचा १२ पॉइंटचा मजकूर पडद्यावर सुमारे १६ ठिपक्यांच्या उंचीत बसवला जातो. त्या १६ ठिपक्यांत तीन मजले! टिंबाच्या वाट्याला एखाद-दुसरा ठिपका येतो.

आणि टिंब गेलं तर काय होतं? 'कुंभारे'चं 'कुभारे' होतं. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं. मग अनुदान अडतं, कर्ज अडतं आणि दुरुस्तीसाठी वणीचे हेलपाटे सुरू होतात. पडदा धूसर आहे म्हणून अशी प्रत्येक चूक होते असं मी म्हणत नाही. पण संध्याकाळी पाच वाजता थकलेल्या डोळ्यांना टिंब दिसणं आणि न दिसणं यात पडद्याचा वाटा असतोच.

म्हणून आपला क्रम ठरला. आधी अक्षर स्पष्ट दिसलं पाहिजे, मग डोळ्यांना आराम, मग खेळाचा वेग. खेळ शेवटी आला म्हणून तो क्षुल्लक नाही, बरं का. हाउझिंगा नावाच्या डच विचारवंताने १९३८ साली एक अख्खं पुस्तक लिहून मांडलं की खेळ हा संस्कृतीपेक्षाही जुना आहे. त्या भावाचा तासही खराच आहे. फक्त दहा हजारांत कुणाला आधी वाढायचं, एवढाच प्रश्न.

अनुमान: आकड्यांवरून काय कळतं

धूर दिसला की अग्नी आहे असं आपण ठरवतो, ते अनुमान. मॉनिटरच्या बाबतीत धूर म्हणजे दोन आकडे: पडद्याचा आकार आणि त्यावरचे ठिपके.

बाजारात सर्वाधिक दिसतो तो १९२० बाय १०८० ठिपक्यांचा पडदा, ज्याला फुल एचडी म्हणतात. हेच ठिपके लहान पडद्यावर दाट बसतात, मोठ्यावर विरळ. साडेएकवीस इंचात दर इंचाला सुमारे १०२ ठिपके येतात. ज्याला आपण चोवीस इंची म्हणतो तो खरा २३.८ इंचांचा असतो, त्यात सुमारे ९३. सत्तावीस इंचात फक्त ८२.

इथे मोठी गफलत होते. सत्तावीस इंची फुल एचडी पडद्यावर अक्षर मोठं दिसतं, म्हणून लोकांना वाटतं ते स्पष्टही झालं. ते स्पष्ट होत नाही. ठिपके तेवढेच, फक्त प्रत्येक ठिपका जाडा झाला. फोटो ताणून मोठा केल्यासारखं. सत्तावीसच हवा असेल तर २५६० बाय १४४० ठिपक्यांचा घ्यावा, त्यात दर इंचाला १०९ येतात. पण तो दहा हजारांच्या बराच पुढे जातो.

याहून मोठा मोह आहे बत्तीस इंची टीव्हीचा. 'तेवढ्याच पैशात बत्तीस इंच येतो की!' येतो. पण त्या किमतीतल्या बहुतेक टीव्हींवर १३६६ बाय ७६८ च ठिपके असतात. भागाकार करा, दर इंचाला ४९. म्हणजे चोवीस इंची मॉनिटरच्या जवळपास निम्मे. दहा फुटांवरून क्रिकेट बघायला ठीक आहे. दोन फुटांवरून सातबारा वाचायला नाही.

आता वेग. पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते हर्ट्झमध्ये सांगतात. ६० हर्ट्झला एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, १०० ला १०, आणि १४४ ला ६.९. नीट बघा: ६० वरून १०० वर गेल्यावर ६.७ मिलिसेकंद वाचले, १०० वरून १४४ वर गेल्यावर फक्त ३.१. पहिल्या पायरीचा फायदा मोठा, दुसरीचा कमी. शिवाय तुमचा कॉम्प्युटर सेकंदाला चाळीसच चित्रं तयार करत असेल, तर १४४ चा पडदा उरलेली चित्रं कुठून आणणार? साध्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. तिथे १०० हर्ट्झ पुष्कळ झालं. आणि आजकाल साध्या ऑफिस मॉनिटरवरही १०० हर्ट्झ मिळतं, त्यासाठी 'गेमिंग' छापाचे जास्तीचे पैसे मोजायला नकोत.

पॅनलचे तीन प्रकार ऐकू येतील. टीएन स्वस्त आणि चपळ, पण बाजूने बघितलं की रंग उडतात. व्हीएमध्ये काळा रंग खरंच काळा दिसतो, पण गडद चित्र वेगाने हललं की मागे सावली ओढल्यासारखी दिसू शकते. आयपीएस कुठूनही बघा, रंग जवळपास तसेच. सेवा केंद्रात गिऱ्हाईक बाजूला उभं राहून 'माझं नाव बघू द्या' म्हणतं. तिथे आयपीएस.

शब्द: कुणावर विश्वास ठेवावा

नैयायिक प्रत्येक शब्दाला प्रमाण मानत नाहीत, फक्त आप्ताच्या शब्दाला मानतात. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोन्ही अटी हव्यात. मोबाइलवरचा परीक्षण करणारा जाणकार असतो, पण खालच्या लिंकवर त्याला कमिशन मिळत असेल तर दुसरी अट तपासा. शेजारचा भाऊ मनापासून सांगतो, पण त्याने आठ तास मराठी वाचलेलं नसतं. तिथे पहिली अट तपासा.

खोक्यावरचे काही शब्द बघू. 'एक मिलिसेकंद'. यापुढे एमपीआरटी लिहिलं असेल तर तो आकडा प्रकाश उघडझाप करून मिळवलेला असतो, आणि ती सोय चालू केली की पडदा मंद होतो. 'एचडीआर'. व्हेसा या संस्थेच्या प्रमाणपत्राची सगळ्यात खालची पायरी ४०० निट्स उजेडाची आहे. आपल्या किमतीतले पडदे साधारण २५० निट्सचे असतात. ते एचडीआरचा संदेश स्वीकारतात, दाखवू शकत नाहीत. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, कोटीला एक'. हे सोडूनच द्या.

विश्वास ठेवण्याजोगे शब्दही आहेत. बीआयएसच्या खुणेजवळ 'आर'ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो. वॉरंटीचा कागद नीट वाचा. तीन वर्षं की एक? माणूस घरी येणार की पडदा आपण नागपूरला न्यायचा? मेलेला ठिपका किती असला की बदलून देणार? अनेक कंपन्या दोन-चार मेलेले ठिपके दोष मानत नाहीत. हे पैसे देण्याआधी विचारायचं असतं. पक्कं बिल घ्या. तक्रार पडलीच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

उपमान: घरातल्या वस्तूशी ताडून बघा

रानातला गवय कधी बघितला नाही, पण तो गाईसारखा असतो असं ऐकलं होतं, त्यावरून ओळखला. हे उपमानाचं पारंपरिक उदाहरण. आपण काय करायचं? जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि ५२.७ बाय २९.६ सेंटीमीटर कापा. हा झाला २३.८ इंची पडदा. तो टेबलावर उभा करून नेहमीच्या खुर्चीत बसा. हात लांब केला की बोटं पुठ्ठ्याला लागली पाहिजेत. टेबल अरुंद असेल आणि पडदा नाकाशी येत असेल, तर साडेएकवीस इंच घ्या. पैसेही वाचतील.

वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली हवी. स्वस्त मॉनिटरचा स्टँड वर-खाली होत नाही, त्याखाली दोन जाड पुस्तकं चालतात. ज्यांना माझ्यासारखा दुहेरी नंबरचा चष्मा आहे त्यांनी मात्र आणखी खाली ठेवावा, नाही तर मान वर करून वाचावं लागतं.

प्रत्यक्ष: दुकानात काय करायचं

दुकानातला मॉनिटर नेहमी समुद्र, पोपट, फुलं दाखवत असतो, तेही पूर्ण उजेडात. आपल्याला पोपट वाचायचा नाही. पेन ड्राइव्हवर आपली फाइल न्या. त्यात १० आणि १२ पॉइंटमध्ये 'मूर्तींना', 'सर्वांनी', 'दुसऱ्या', 'कर्तृत्व', 'द्वंद्व' असे शब्द आणि १, ९, ५, ६ हे मराठी अंक असू द्या. दोन फुटांवरून वाचा, मग बाजूला उभं राहून वाचा. एक पूर्ण पांढरं आणि एक पूर्ण काळं चित्रही ठेवा. पांढऱ्यावर मेलेला ठिपका दिसतो, काळ्यावर कडांतून झिरपणारा उजेड. उजेड कमी करून मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्यातून पडदा बघा. सरकते काळे पट्टे दिसले तर दिवा लुकलुकतो आहे. सगळ्यांना त्याचा त्रास होत नाही, पण ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी असा पडदा टाळावा.

पडदा चकचकीत नको, मॅट हवा. आपल्याकडे दुपारचं ऊन दारातून थेट आत येतं, आणि कोळशाची, चुन्याची धूळ चकचकीत काचेवर लगेच दिसते. पुसायला कोरडं मऊ कापड. उन्हाळ्यासाठी एक गोष्ट: बहुतेक मॉनिटर ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. आपला मे महिना त्यापलीकडे जातो. म्हणून पडदा भिंतीला चिकटवू नका, मागे हवा खेळू द्या.

घरी आल्यावर दोन कामं. व्हीजीएची जुनी केबल बाजूला ठेवा आणि एचडीएमआय लावा, बारीक अक्षरातला फरक लगेच दिसेल. दुसरं, सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १०० हर्ट्झ निवडा. बरेच लोक १०० चा पडदा घेतात आणि वर्षानुवर्षं ६० वर चालवतात.

तर त्या मुलीसाठी माझं उत्तर: २३.८ इंच, फुल एचडी, आयपीएस, १०० हर्ट्झ, मॅट, तीन वर्षांची वॉरंटी. हे दहा हजारांच्या आत बसतं. उरलेले पैसे चांगल्या खुर्चीला किंवा यूपीएसच्या बॅटरीला.

प्रश्नोत्तरे

*जुना, वापरलेला मॉनिटर घ्यावा का?*

घ्यावा, पण चौकोनी १२८० बाय १०२४ चा नको, आणि चालू करून, आपली फाइल लावून बघितल्याशिवाय नको. अर्धा तास चालू ठेवा. काही दोष गरम झाल्यावरच दिसतात.

*सर, ब्लू लाइटचा चष्मा घेऊ का? दिवसभर डोळे चुरचुरतात.*

अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमी तसा चष्मा सुचवत नाही. चुरचुर बहुतेक वेळा पापण्या कमी लवल्यामुळे होते. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर बघा. आणि पडद्याचा उजेड खोलीइतकाच ठेवा. पडद्याशेजारी पांढरा कागद धरा, पडदा दिव्यासारखा चमकत असेल तर उजेड जास्त आहे. एवढं करूनही थांबलं नाही, तर नंबर तपासून घ्या.

*वीज किती खाईल?*

चोवीस इंची एलईडी मॉनिटर साधारण वीस वॅट. रोज आठ तास धरले तर महिन्याला पाच युनिटच्या आत.

*भावाला १४४ च हवा असेल तर?*

आधी कॉम्प्युटरवर त्याचा गेम लावून सेकंदाला किती चित्रं येतात ते बघा. गेमच्या सेटिंगमध्ये हा आकडा दाखवायची सोय बहुधा असते. तो शंभराच्या वर सतत राहत असेल तर त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पण तेव्हाही पेन ड्राइव्हवरची फाइल आधी बहिणीने वाचायची.

थांबतो.