तबकडीवरचं नेपल्स

‘चोरी चोरी’तलं (१९५६) ‘आजा सनम’ पुन्हा एकदा कान देऊन ऐका. शंकर-जयकिशन यांच्या या गाण्याची चाल दक्षिण इटलीतल्या नेपल्सच्या टारांटेला या नाचाच्या धुनेवर बेतलेली आहे. टारांटेला सहाच्या ठेक्यात उडते. सहा मात्रांचा दादरा मुरलेल्या आपल्या कानांना ती परकी वाटणार तरी कशी? शब्द हसरत जयपुरींचे, आवाज लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचे. उचललेली चाल इतकी आपली करून घेणं ही मोठीच कामगिरी.

अशी गाणी ज्यांवर वाजत, त्या काळच्या त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत लाख असे. लाखेचा किडा पोसणारा पळस आपल्याकडच्या माणसाला काय सांगायचा! घरात अशी तबकडी असेल तर स्पिरिटने मुळीच पुसू नका, लाख त्यात विरघळते.