कोरड्या तुकड्याचा हिशेब

गोल्फच्या मैदानावरची सिंचनव्यवस्था बदलण्याचा खर्च डोळ्यांत भरतो. जुनी चालवत राहण्याचा खर्च पाण्याच्या आणि विजेच्या बिलांत लपतो. तुषार असमान पडले, की सर्वांत कोरडा तुकडा भिजेपर्यंत बाकीच्या हिरवळीलाही पाणी पाजावे लागते. म्हणून पाइपांच्या वयाआधी, किती जमीन भिजवायची हे मी विचारतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील ‘पाइनहर्स्ट क्रमांक २’ या मैदानाने २०१०-११ मध्ये तेच केले. कडेची हिरवळ काढून तिथे मूळची वाळू व रानगवत आणले. स्प्रिंकलर सुमारे ११५० वरून ४५० वर आले. २०१४ मध्ये पुरुष आणि महिला, दोन्ही यूएस ओपन स्पर्धा तिथेच लागोपाठ झाल्या. नव्या व्यवस्थेचे खरे समर्थन, ती कुठे पाणी देत नाही, यात असते.